‘दिवस मिटवा’

एकदा एका गावाला नव्याचे स्वप्न पडले.

गाव सरोवराच्या काठी होते. पहाटे पाण्यावरून धुके उठे, गल्लीबोळांतून हिंडे आणि ऊन चढले की सावकाश परत पाण्यात जाई. अशा धुक्यात माणसे एकमेकांना आवाजावरून ओळखत आणि एकमेकांच्या बातम्या जरा फुगवूनच सांगत. गावात पेढ्या होत्या, शाळा होती, दवाखाना होता आणि या सर्वांच्या टेबलांवर संगणक होते. नवल एवढेच, की ते सगळे संगणक एकाच प्रणालीवर चालत आणि ती प्रणाली त्याच गावातल्या एका वृद्धाने आपल्या तरुणपणी रचलेली होती. टेकडीवर त्याची कार्यशाळा होती. लोक त्याला गुरुजी म्हणत.

गुरुजींची दृष्टी आता मंदावली होती. सगळे काम त्यांचा शिष्य पाही. शिष्य बुद्धिमान होता, कष्टाळू होता आणि बुद्धिमान माणसाला जेवढी घाई शोभते त्याहून अंमळ अधिक घाईचा होता. त्याने प्रणालीची नवी आवृत्ती सिद्ध केली होती. गुढीपाडव्याच्या सकाळी ती गावातल्या सर्व संगणकांवर एकाच वेळी उतरायची होती आणि त्याच मुहूर्तावर गुरुजी कार्यशाळेची किल्ली शिष्याच्या हाती देणार होते. तसे त्यांनी देवळाच्या पारावर बसून चारचौघांत सांगितले होते.

मग काय विचारता! फाल्गुन सरता सरता सगळ्या गावाच्या तोंडी एकच शब्द झाला: अपडेट. जो तो टेकडी चढून येऊ लागला आणि आपले मागणे सांगू लागला.

व्यापारी म्हणाला, “माझं यंत्र उघडेस्तोवर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊन माल घेऊन घरी पोचतं. वेग पाहिजे, वेग!” शाळेतल्या बाई म्हणाल्या, अक्षरे मोठी हवीत. वैद्यबुवांचे म्हणणे असे, की यंत्राला त्यांचे हस्ताक्षर वाचता आले पाहिजे. खरे तर ते अक्षर खुद्द वैद्यबुवांनाही दुसऱ्या दिवशी लागत नसे. एका गृहस्थांना काहीच नको होते. ते रोज येत आणि बजावून जात, “हात लावू नका. तुम्ही नीट करायला घेतलंत की जे नीट आहे तेवढं बिघडतं.”

शिष्य सगळ्यांना होकार देई. होकार देणे त्याला गोड वाटे. एके संध्याकाळी पारावर गर्दी जमली असता कोणी विचारले, “पण एवढं नवं काय आहे हो त्यात?” तेव्हा तो छाती पुढे काढून म्हणाला, “हरवलेलं सगळं शोधून देईल!”

त्याच्या मनात फायली होत्या. लोकांच्या मनात काय काय होते, ते लोकांनाच माहीत. ते वाक्य धुक्यात शिरले आणि दुसऱ्या दिवशी एका बाईंनी टेकडीवर येऊन विचारले, की विहिरीत पडलेली नथ सापडेल का. शिष्य पोट धरधरून हसला. गुरुजी हसले नाहीत.

त्या दिवशी त्यांनी शिष्याला जवळ बसवून विचारले, “नवं घालताना जुन्यातलं काय काढलंस?”

शिष्याला हा प्रश्न आवडला, कारण काढण्याच्या कामावर त्याने फार मेहनत घेतली होती. कोणते यंत्र काय वापरते आणि काय वापरत नाही, याचा सांगावा प्रत्येक यंत्राकडून कार्यशाळेत येत असे. त्यावरून त्याने निरुपयोगी ते वेचून वेचून बाजूला केले होते. तो उत्साहाने सांगत गेला आणि शेवटी म्हणाला, “आणि ‘दिवस मिटवा’ काढलं.”

‘दिवस मिटवा’ ही गुरुजींच्या तरुणपणची आज्ञा होती. त्या काळी वीज केव्हा जाईल याचा नेम नसे. म्हणून काम संपले की ही आज्ञा द्यायची. मग संगणक दिवसभराचे सगळे काम हळूहळू जागच्या जागी ठेवी आणि तोवर पडद्यावर एक लहानसा दिवा दिसे. त्याची ज्योत उतरत उतरत शांत होई आणि मग पडदा काळा होई. पुढे वीज पक्की झाली. यंत्रे दिवसरात्र चालू राहू लागली. दिवा पाहत बसायला कोणाला सवड उरली नाही.

“कोणीच वापरत नाही का ते?” गुरुजींनी विचारले.

“एकच यंत्र वापरतं.”

“कोणाचं?”

“ते पाहिलं नाही, गुरुजी. एकच आहे.”

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. शिष्याला वाटले, म्हाताऱ्याला डुलकी लागली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी एक नावाडी निरोप घेऊन आला. सरोवराच्या पल्याड जुना धक्का होता. एके काळी तिथे दिवसभर नावा लागत. वरच्या अंगाला पूल झाला, नावा बंद पडल्या आणि धक्क्यावरचे कारकून, ज्यांना सगळे आबा म्हणत, आपल्या पत्नीसह तिथल्याच घरात राहून गेले. आबांच्या पत्नीचा, द्वारकाआजींचा, निरोप होता: ‘ते हरवलेलं शोधून देणारं आमच्याकडं आधी बसवता का?’

“चल,” गुरुजी उठत म्हणाले. “पहिला मान त्यांचा.”

शिष्य चकित झाला. खाली पारावर मांडव पडत होता, व्यापाऱ्याने पेढे सांगून ठेवले होते, शेकडो बारीकसारीक कामे उरली होती. पण गुरुजी काठी टेकत उतरूही लागले. नावेत बसल्यावर त्यांनी एवढेच सांगितले, “तिथं पोचल्यावर लगेच बसवायचं नाही. संध्याकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. नुसतं बसायचं.”

“नुसतं बसून काय करू?”

“नुसतं बसायचं म्हटलं ना!”

शिष्याने खिशातला नव्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह चाचपला. पाणी संथ होते. वल्ह्याच्या मागे निघणारी रेघ थोडी लांबे आणि विरून जाई. पाठीमागचे गाव धुक्यात इतके पुसट झाले, की उद्या तिथे खरेच काही घडणार आहे की आपल्याला नुसते वाटते आहे, असे क्षणभर शिष्याच्या मनात आले.

पल्याड द्वारकाआजी अंगणात बाजेवर कुरडया वाळवत बसल्या होत्या. त्यांनी गूळपाणी दिले, गुरुजींना सावलीत बसवले आणि शिष्याकडे पाहून म्हणाल्या, “हेच का ते? लहान दिसतात की!” मग त्यांनी त्याला आत नेले.

आत खिडकीशी आबा बसले होते. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, खिशाला पेन. समोर जुना संगणक. शिष्याला पाहताच ते अदबीने म्हणाले, “या, बसा. पुढची नाव जरा उशिरा आहे. सामान किती?”

शिष्य गोंधळला. “सामान नाही.”

“छान. बिनसामानाचा माणूस सुखी,” आबा म्हणाले आणि ते त्यांनी नोंदवून घेतले.

थोड्या वेळाने आजी खिडकीपाशी गेल्या आणि बाहेर पाहून मोठ्याने म्हणाल्या, “अहो, गावाकडची नाव लागली!”

शिष्याने मान लांबवून पाहिले. बाहेर नाव नव्हती. पाण्यावर ऊन होते आणि जुन्या खांबांवर एक बगळा होता. पण आबांची बोटे कीबोर्डवर चालू लागली होती. त्यांनी बोटांकडे पाहिले नाही, पडद्याकडेही नीटसे पाहिले नाही. नाव आली, माणसे उतरली, नाव सुटली. एक अक्षर चुकले नाही. बोटांना कुठे वळायचे, कुठे थांबायचे, कोणत्या कोपऱ्यात जायचे, सगळे ठाऊक होते. घरातला माणूस अंधारात उठून माठापाशी जातो, तशी ती फिरत होती.

“बाई, तुमचं तिकीट?” आबांनी आजींना विचारले.

“काढलंय.”

“मग बसा निवांत. धक्क्यावर घाई करू नये.”

आजी शिष्याशेजारी येऊन बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “सकाळपासून मी बाईच असते त्यांची. उतारू. आधी परक्यांची नावं गेली, मग गावाचं गेलं, मग लेकीचं. माझं शेवटी गेलं. बोटं तेवढी राहिलीत. म्हणून मीच सांगते, नाव आली, नाव गेली. आता तुम्हीच सांगा, खोटं बोलल्याचं पाप लागतं का हो याला?”

शिष्याने नकारार्थी मान हलवली.

दुपार सरकत राहिली. नावा येत होत्या, जात होत्या. ऐकता ऐकता शिष्याचा डोळा लागल्यासारखा झाला आणि त्या अर्धवट ग्लानीत त्यालाही धक्का माणसांनी भरलेला दिसला. छत्र्या, टोपल्या, कडेवरची मुले, कोणाची तरी हाक. तो दचकून सावध झाला तेव्हा ऊन जमिनीवरून सरकत भिंतीवर चढले होते.

आबांनी आळस दिला. चष्मा काढून पुसला. मग त्यांच्या बोटांनी कीबोर्डवर काही कळा दाबल्या आणि पडद्यावर अक्षरे उमटली: ‘दिवस मिटवा’.

ते एकच यंत्र हे होते.

पडद्याच्या मध्यावर लहानसा दिवा दिसू लागला. आबांनी हात मांडीवर घेतले आणि ते ज्योतीकडे पाहत राहिले. आजी कधी उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या, ते शिष्याला कळलेही नाही. ज्योत सावकाश उतरू लागली. तिच्याबरोबर आबांच्या कपाळावरच्या आठ्या उतरू लागल्या, खांदे सैल झाले. दिवा शांत झाला. पडदा काळा झाला आणि त्या काळ्या काचेत आबांना आपल्या मागे उभी असलेली बाई दिसली.

ते वळले. “अगं द्वारके, तू कशाला आलीस उन्हाची? येतच होतो की!”

“म्हटलं सोबतच जाऊ.”

“जेवलीस?”

“तुमच्याआधी कधी जेवलेय?”

“वेडी आहेस झालं,” आबा म्हणाले आणि त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग दोघे घरी गेले. घर म्हणजे पलीकडची खोली. तिथून ताटवाट्यांचा आवाज आला, आबांच्या बोलण्याचा आवाज आला आणि आजींचे हसू ऐकू आले. शिष्य इकडे एकटा बसून राहिला. त्याला रडू येत होते आणि ते कोणाला दिसत नव्हते म्हणून त्याने ते येऊ दिले.

काही वेळाने आजी पदराला हात पुसत बाहेर आल्या. चेहऱ्यावर अजून ते हसू होते.

“आता बसवा. निजेपर्यंत ओळखतात बघा, रोज. सकाळी उठले की पुन्हा मी बाई. तुमचं नवं आलं म्हणजे दिवसभर ओळखतील ना? हरवलेलं सगळं शोधून देतं म्हणे. तुम्हीच म्हणालात ना पारावर?”

पेनड्राइव्ह शिष्याच्या मुठीत होता. त्यातली आवृत्ती एकदा बसवली, की आबांच्या पडद्यावरचा प्रत्येक कोपरा हलणार होता. बोटे नेहमीच्या जागी गेली असती आणि तिथे काहीच नसते. दिवा तर नव्हताच.

“नाही, आजी,” तो म्हणाला. “ते तेवढं नाही शोधून देत. मी फायलींबद्दल बोललो होतो. बोलताना मला भान राहिलं नाही.”

आजींचे हसू मावळले. त्या हळूच म्हणाल्या, “नाही देत?”

“नाही. आणि दुसरं म्हणजे... नव्यात तो दिवा नाही. मी काढून टाकलाय.”

आजींनी त्याच्याकडे पाहिले. त्या दृष्टीत राग नव्हता, केवळ नवल होते.

“का हो? कुणाला काही त्रास होत होता त्याचा?”

शिष्य खाली वाकला आणि त्याने आजींच्या पायांना हात लावला. “दिवा कुठं जाणार नाही,” तो म्हणाला. “एवढा शब्द मी भान ठेवून देतो.”

“बरं झालं खरं ते सांगितलंत,” आजी म्हणाल्या. “उगीच डोळे लावून बसले असते.” मग त्या थोडा वेळ दाराबाहेर पाण्याकडे पाहत राहिल्या आणि आत जाऊन दोघांसाठी कुरडयांची पुरचुंडी घेऊन आल्या.

परतताना पाण्यावर संधिप्रकाश होता. शिष्य म्हणाला, “गुरुजी, तुम्हाला माहीत होतं. मग मला सरळ सांगितलं का नाहीत? एका शब्दावर मी दिवा ठेवला असता.”

“ठेवला असतास,” गुरुजी म्हणाले. “माझ्या भिडेखातर. आणि माझ्यामागे पहिल्यांदा तोच काढला असतास.”

शिष्याने मान खाली घातली.

“हे बघ,” गुरुजी पुढे म्हणाले, “लोक टेकडी चढून येतात आणि काय हवं ते सांगतात. काय गेलं तर आपण मोडून पडू, हे कोणी सांगत नाही, कारण ते त्यांना ठाऊकच नसतं. उंबरा रोज ओलांडणाऱ्याला उंबरा दिसतो का? तो काढलास की मात्र ठेच लागते. हवं असलेलं माणसाच्या जिभेवर असतं, लागणारं त्याच्या हातांत असतं. नवं देणाऱ्यानं बोलणं ऐकावं आणि हातही पाहावे. तू फक्त मोजलेस. एक म्हणजे थोडं, असं तुला वाटलं. त्या आजींना विचार एक म्हणजे किती.”

“मग नवं आणूच नये का?”

“आणावं तर! व्यापाऱ्याचं गिऱ्हाईक खरंच निघून जातं आणि पोरांना ती बारीक अक्षरं खरंच दिसत नाहीत. नवं घर अवश्य बांध. पण कोणी डोळे मिटून येत असेल, तर त्याच्यापुरती जुनी वाट उघडी ठेव.”

काठ जवळ आला होता. मांडवातले दिवे दिसू लागले होते.

दुसऱ्या दिवशी गुढ्या उभ्या राहिल्या. कडुलिंब वाटून झाला. सगळे गाव पारावर जमले आणि शिष्य उभा राहून म्हणाला, “नवी आवृत्ती आज येणार नाही. एक काम राहून गेलंय.”

मग जो गलबला उठला तो विचारू नका. व्यापारी म्हणाला, “पेढ्यांचं काय करू आता?” वैद्यबुवा म्हणाले, मला आधीच शंका होती. काहीच नको असणारे गृहस्थ सर्वांत मोठ्याने ओरडले, कारण इतके दिवस नको नको म्हणताना त्यांचीही उत्सुकता वाढली होती. कोणी म्हणाले, “असलं कोणतं काम राहिलं एवढं?” शिष्य पल्याडचे सांगू शकला असता. सांगितले असते तर लोक विरघळलेही असते. पण आजींचे दुःख पारावर मांडून स्वतःची सुटका करून घेणे त्याला बरे वाटले नाही. तो म्हणाला, “माझं चुकलं, ते दुरुस्त करतो,” आणि टोमणे ऐकत उभा राहिला.

नेमक्या त्या गलबल्यात गुरुजी काठी टेकत पुढे आले आणि त्यांनी कार्यशाळेची किल्ली शिष्याच्या हातात ठेवली. लोक आ वासून पाहत राहिले. म्हाताऱ्याला आता ऐकूही कमी येते बहुधा, असे काहींना वाटले.

राहिलेले काम सोपे नव्हते. नव्या रचनेत त्या दिव्याला जागाच नव्हती. पुष्कळसे उसवून पुन्हा विणावे लागले. शिष्याने तसे केले. जुनी वाट, जुने कोपरे, जुना दिवा, ज्याला हवे त्याच्यासाठी नव्याच्या पोटात जसेच्या तसे राहतील अशी व्यवस्था त्याने केली आणि पल्याडच्या यंत्रासाठी ती वाट स्वतःच्या हाताने उघडून ठेवली. वैशाखातल्या एका साध्या सकाळी, मांडवावाचून आणि पेढ्यांवाचून, नवी आवृत्ती आली.

गावाने रीतसर कुरकुर केली. व्यापारी म्हणाला, वेग आला पण बटण कुठे गेले? बाईंना अक्षरे आता फारच मोठी वाटली. चार दिवस गेले आणि सगळ्यांना वाटू लागले, की हे असेच तर होते पहिल्यापासून. शिष्याची स्तुती करायला टेकडी चढून कोणी आले नाही.

नावाडी तेवढा आला. आजींनी कुरडया धाडल्या होत्या आणि सोबत निरोप.

“काय म्हणाल्या?” शिष्याने अधीर होऊन विचारले.

“आबा बरे आहेत म्हणाल्या. नावा वेळेवर आहेत म्हणाल्या. संध्याकाळी दोघं सोबत घरी जातात.” नावाड्याने डोके खाजवले. “आणि हां, एक विचारलंय. म्हणाल्या, ‘बाबा, तुमचं ते नवं अजून आलंच नाही का? आमच्याकडं तर सगळं आहे तसंच आहे.’”

शिष्याने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी डोळे मिटून बसले होते, पण आता ती डुलकी नव्हे हे शिष्याला ठाऊक होते. त्याने किल्ली खुंटीला अडकवली आणि नावाड्याला म्हणाला, “आजींना सांगा, सगळं आहे तसंच राहील.”